उजवीकडचं वळण

माणूस समोर आला की आधी त्याच्या पायांकडे बघायची मला खोड आहे. चेहरा नंतर. पुण्यात आमचा बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हाही पोह्यांचा ट्रे ठेवून आत जाता जाता मी दाराशी काढलेले होणाऱ्या नवऱ्याचे बूट बघून घेतले होते. दोन्ही टाचा मागून सारख्या झिजलेल्या. म्हणजे पाय ओढत चालणारा, आळशी, पण सरळ माणूस, असं मी ठरवलं आणि हो म्हटलं. ते बरोबर निघालं. पुढे इंग्लंडमध्ये लेस्टरच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले आणि त्या खोडीचा मला पगार मिळायला लागला.

ऐंशीच्या दशकात इकडच्या टीव्हीवर रविवारी संध्याकाळी अमेरिकन फुटबॉल दाखवायला लागले. माझा नवरा, जो बस सुटत असली तरी पळत नाही, त्या खेळाच्या पार आहारी गेला. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणारी ती धिप्पाड माणसं मला आधी मूर्ख वाटायची. मग एकदा इस्त्री करता करता माझं लक्ष गेलं ते चेंडू बगलेत घेऊन पळणाऱ्याकडे. त्याला रनिंग बॅक म्हणतात. समोरून पाच-सहा जण अंगावर येत असतात आणि हा एका पायावर भार टाकून झटक्यात दिशा बदलतो आणि गर्दीतून निसटतो. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि बघत राहिले. हे मला ओळखीचं होतं. शाळा-कॉलेजात मी खो-खो खेळले होते, आणि खुंटाशी पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी द्यायची ती हीच.

त्यानंतर काही वर्षांनी असा एक रनिंग बॅक माझ्याच टेबलावर येऊन झोपला.

आमच्यापासून तासाभरावरच्या एका गावात या खेळाचा हौशी संघ होता. त्यांनी अमेरिकेतून एक पगारी खेळाडू आणला होता, तिकडे व्यावसायिक संघात थोडंफार खेळलेला. ऑगस्टमधल्या एका सामन्यात उजवीकडे वळताना त्याचा डावा पाय गवतात रुतला, वरून दोघंजण पडले आणि गुडघ्याच्या आतलं लिगामेंट तुटलं. आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. मग पूर्ण हिवाळाभर तो माझ्याकडे यायचा. सव्वीस-सत्तावीसचा असेल. रनिंग बॅकच्या हिशेबाने ते वय उतरणीचं. क्लबने त्याला मुलांना शिकवायच्या कामावर ठेवून घेतलं होतं, पण क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसातून मिळालेली राहण्याची मुदत उन्हाळ्याअखेर संपणार होती.

लंडनमध्ये तेव्हा व्यावसायिक संघ उभा राहत होता. तिथल्या प्रशिक्षकाने याला अमेरिकेत खेळताना बघितलं होतं. त्याने निरोप पाठवला की जूनमध्ये तुझ्या फिजिओला फोन करीन. तिने हो म्हटलं तर तुला घेतो. सर्जनचं पत्र त्याला नको होतं. त्याचं म्हणणं असं की सर्जन गुडघा बघतो आणि फिजिओ रोज माणूस बघते.

"तुम्हाला जे दिसेल ते त्याला सांगा, मॅम," तो मला म्हणाला. "माझी काही हरकत नाही. फक्त नीट बघा."

नीट बघा म्हणे. तेव्हापासून माझ्या डोक्याला जो भुंगा लागला तो जून येईपर्यंत सुटला नाही. मी त्याला एका पायावर उड्या मारायला लावायची, डगमगत्या फळीवर उभं करायची, टेप लावून मांडीचा घेर मोजायची. बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानात मेथी घेताना पुढच्या बाईचे गुडघे बघत राहायची आणि पैसे द्यायला विसरायची. त्याचा गुडघा चांगला झाला होता, यात शंकाच नव्हती. सर्जन भलतेच खूश होते. कॉरिडॉरमध्ये मी खुणेला शंकू मांडून ठेवायची आणि ओरडायची, "तिसऱ्या शंकूला उजवीकडे," की तो तिसऱ्या शंकूला उजवीकडे वळायचा, अगदी झकास. तरी माझं समाधान होत नव्हतं. का होत नव्हतं ते मला सांगता येत नव्हतं, आणि जे मला सांगता येत नाही त्याचा मला राग येतो.

घरी वेगळीच तऱ्हा. त्या वर्षी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. नवऱ्याने एका रविवारी या खेळाडूला जेवायला आणलं, त्याने सासूबाईंची थालीपीठं एकामागून एक लोण्याबरोबर हाणली, आणि त्यांनी त्याला दत्तकच घेतलं. त्याला येत होतं ते एकच मराठी, "आजी, अजून." त्यांना येत होतं ते एकच इंग्रजी, "ईट." यावर त्यांचं उत्तम चाललं होतं.

एकदा तो गेल्यावर ताटं उचलताना मी नवऱ्याला म्हणाले, "मला याचं काही खरं वाटत नाही."

"अगं, सर्जन तर म्हणतायत ना, टॉप क्लास रिकव्हरी आहे," नवरा म्हणाला.

सासूबाई आतून बाहेर आल्या. "घरात असं बोलू नये गं. वास्तू तथास्तु म्हणत असते. शुभ बोलावं."

"आई, वास्तू इथल्या कौन्सिलने बांधलीय. तिला मराठी कुठून येणार?" मी म्हणाले.

"तुला सगळीच चेष्टा," त्या म्हणाल्या आणि दिवसभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या.

चेष्टा नव्हती ती. मला या शुभ बोलण्याचा खरोखर तिटकारा होता, आणि त्याला कारण होतं. कॉलेजात असताना माझी विद्यापीठाच्या खो-खोच्या संघात निवड झाली होती. सरावात खुंटाशी वळताना गुडघ्यात काहीतरी कट्कन वाजलं आणि मी खाली बसले. घरचे, शेजारचे, आमचे सर, ज्यांनी मालिश केलं ते पैलवान, सगळ्यांचं उत्तर एकच. "होईल गं. का नाही होणार?" दोन मोसम मी कॅनव्हासचे बूट पुसून पिशवीत भरून ठेवत होते. गुडघा सुटायचा, सुजायचा, पुन्हा सुटायचा. कुणी एकाने जरी स्पष्ट सांगितलं असतं की बाई, हे संपलं, तर मी चार दिवस रडले असते आणि पुढे गेले असते. ती दोन वर्षं मला त्या सगळ्या प्रेमळ माणसांकडून परत हवी आहेत. अजूनही हवी आहेत.

मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला आमच्या मराठी मंडळाचे खेळ होते. पार्कात चटया अंथरलेल्या, बटाटेवडे, थर्मासमधला चहा, इकडे जन्मलेली मुलं कंटाळून झाडाखाली बसलेली. नवऱ्याने आपल्या लाडक्या खेळाडूला मिरवायला आणलं होतं. दुपारी कुणीतरी खो-खोची टूम काढली. तंबूचे दोन बांबू खुंट म्हणून ठोकले, आणि बायका साड्यांवर खेळाचे बूट घालून, एक इकडे तोंड करून, एक तिकडे, अशा ओळीत बसल्या.

"मी पळू का?" त्याने मला विचारलं.

"गवत कोरडं आहे. पळ," मी म्हणाले.

तो ओळीतून आतबाहेर नागमोडी पळायला लागला आणि सगळा पार्क बघायला गोळा झाला. काय सुंदर पळत होता. पाठलाग करणाऱ्या बाईला उलटं फिरता येत नाही, हा नियम त्याला पहिल्याच फेरीत कळला. तो तिला अगदी हाताच्या अंतरावर येऊ द्यायचा आणि निसटायचा. सासूबाई खुर्चीवरून टाळ्या वाजवत होत्या. मीही हसत होते. मग हळूहळू माझं हसू थांबलं.

तो प्रत्येक वेळी डावीकडे निसटत होता.

आधी मला वाटलं योगायोग असेल. मी बघत राहिले. मोकळी जागा उजवीकडे असली तरी तो डावीकडचीच अरुंद वाट काढायचा. डावीकडे वाट नसलीच, तर तो क्षणभर थबकायचा. एवढंच. पापणी लवेल इतकं थबकायचा, मग दोन लहान पावलं टाकून वळायचा. उजवीकडे झटक्यात वळायचं तर सगळा भार डाव्या पायावर घ्यावा लागतो. माझ्या कॉरिडॉरमध्ये त्याला आधीच ठाऊक असायचं की तिसऱ्या शंकूला वळायचंय. इथे मागून कोण उठेल ते त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना त्याचं शरीर त्या पायाला काम सांगतच नव्हतं.

मला राहवेना. मी पदर खोचला आणि ओळीत जाऊन बसले.

"अगं, तुझा गुडघा," नवरा म्हणाला.

"माझ्या गुडघ्याचं काय व्हायचं ते होऊन गेलंय," मी म्हणाले.

मला खो मिळाला आणि मी उठले. मी त्याच्याइतकी वेगवान असणं शक्यच नव्हतं, पण मला त्याची गरजही नव्हती. मी त्याला खुंटाकडे रेटत नेलं आणि अशी गेले की त्याला उजवीकडेच वळावं लागेल. तो थबकला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लोक ओरडले, मावशीने अमेरिकनला बाद केलं म्हणून. पुढच्या डावात पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदा मी त्याच्या जवळ पोचण्याआधीच तो उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत.

"तुम्ही खेळत नाही आहात, मॅम," तो हळूच म्हणाला. "तुम्ही काम करताय."

"हो," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, बांबूला हात टेकला आणि एका कार्ट्याने आणून दिलेलं सरबत घटाघटा प्यायला. "आंटी, आता माझा टर्न आली ना?" त्या कार्ट्याने मला विचारलं. मी त्याला पळायला सोडलं. मला मात्र कुठे बसावं ते कळेना. मी चटया झटकल्या, कपबशा गोळा केल्या, कुणी न सांगता तंबूच्या दोऱ्या सोडायला लागले. वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं. आणि त्याच वेळी, खरं सांगते, इतके महिने जे हाताला लागत नव्हतं ते सापडल्याचं बरंही वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याची लाज वाटत होती.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. मी शंकूचा क्रमांक आधी सांगायची नाही, ऐन वेळी ओरडायची. तो थबकायचा. मी पुन्हा ओरडायची. कधी त्याचा पाय ऐकायचा, बहुतेक वेळा नाही. "तो माझं ऐकत नाही," तो पायाकडे बघून म्हणायचा, घरातल्या हट्टी माणसाबद्दल बोलावं तसं. ऐकेल का कधी? ते कुणालाच माहीत नव्हतं. काहींचे ऐकतात.

प्रशिक्षकाने फोनसाठी कळवलेला दिवस उजाडला. सासूबाईंनी त्याला मुद्दाम घरी बोलावलं होतं. सकाळपासून त्यांची गडबड चालली होती. शिऱ्यासाठी रवा भाजून ठेवला होता, चांगली बातमी आली की तोंड गोड करायला. संध्याकाळी चांगलं लख्ख ऊन होतं. नवरा पेपर उलटा-सुलटा करत होता. खेळाडू जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून. मी तीनदा ओटा पुसला.

फोन वाजला. फोन आमच्या हॉलमध्ये, बाहेरच्या दाराजवळ. मी घेतला. पलीकडचा माणूस सभ्य होता, मोजकं बोलणारा. त्याने नमस्कार-चमत्कार आटोपले आणि विचारलं, "तो पूर्वीसारखा पळेल का?"

मी तोंड उघडलं. समोर स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या, हातात उलथनं. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळला असावा. त्यांनी नुसती मान हलवली, नको अशी, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. खाली पायरीवर तो माझ्याकडे न बघता आपल्या डाव्या बुटाच्या नाडीकडे बघत होता.

"मी तुम्हाला दहा मिनिटांत फोन करते," मी म्हणाले, नंबर लिहून घेतला आणि फोन ठेवला.

मी कोट चढवला, पर्स घेतली.

"कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

"फोन करायला."

"घरात फोन आहे की."

"माहिताय."

कोपऱ्यावर लाल फोन-बूथ होता. तिकडे जाता जाता माझी मलाच शरम वाटत होती. मी, जी वास्तूच्या गोष्टी ऐकून हसते, जिने रुग्णांना उगाच आशा लावणाऱ्या विद्यार्थिनींना फैलावर घेतलंय, ती मी, घरात 'नाही' म्हणायचं नको म्हणून चार दारं ओलांडून चालले होते. माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण पाय माझा नव्हता, त्याचा होता. दुसऱ्याच्या पायावर मला जोखीम घ्यायची नव्हती.

मागून पावलं वाजली. तो आला होता. बूथचं दार मी ओढलं तेव्हा तो बाहेर काचेपाशी उभा राहिला.

मी फोन केला आणि जे होतं ते सांगितलं. गुडघा उत्तम आहे, ताकद पुरेपूर आहे, सर्जनचं काम चोख आहे. पण अचानक उजवीकडे वळायची वेळ आली की तो थबकतो. तुमच्या मैदानात थबकलेल्या माणसावर चार जण येऊन पडतील आणि बरा झालेला गुडघा पुन्हा जाईल. या मोसमात त्याला घेऊ नका.

"आणि पुढे कधी?" त्याने विचारलं.

"ते मला सांगता येत नाही," मी म्हणाले. आयुष्यात हे वाक्य मी फार कमी वेळा बोलले आहे.

त्याने आभार मानले आणि फोन ठेवला. मी बाहेर आले. त्याने विचारलं, "काय सांगितलं?" मी शब्द न् शब्द सांगितलं. तो वळला, शेजारच्या पार्क केलेल्या गाडीच्या टपावर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"'कदाचित' म्हणू शकला असतात," तो म्हणाला. आवाजात राग होता, आणि तो त्याने लपवला नाही. "नुसतं कदाचित."

"कदाचितवर मी दोन वर्षं काढलीत. तुला नाही काढू देणार."

आणि मग, रस्त्यावर उभ्या उभ्या, मी त्याला माझी गोष्ट सांगितली. पिशवीतल्या बुटांची. नवऱ्यालाही ती इतकी सगळी माहीत नव्हती. त्याने ऐकून घेतलं. राग गेला असं मी म्हणणार नाही.

लंडनवाल्यांनी त्याला घेतलं नाही. मुदत संपल्यावर तो मायदेशी गेला. पहिल्या ख्रिसमसला कार्ड आलं, मग पत्ता बदलला असावा. पुढे तो कुठे पळाला की नाही ते मला कळलं नाही, आणि अजूनही टीव्हीवर कुणी चेंडू बगलेत घेऊन निघाला की मी खुर्चीतून उठते आणि तो कुठल्या बाजूला वळतो ते बघते. पण हे नंतरचं.

त्या संध्याकाळी आम्ही घराकडे परत निघालो तेव्हा त्याने विचारलं, "घरात फोन असताना बाहेर का आलात?"

मी सांगितलं. आमच्याकडे मानतात की घर ऐकत असतं, आणि माणूस जे बोलेल त्याला घर 'असंच होवो' म्हणतं. म्हणून वाईट घरात बोलायचं नाही.

तो हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. आमच्या दाराशी आलो, मी आत पाऊल टाकलं, तो बाहेरच पायपुसण्यावर थांबला.

"जे खरं होतं ते तुम्ही बाहेर बोललात," तो म्हणाला. "आता आत जाऊन दुसरं बोला."

आतून भाजलेल्या रव्याचा वास येत होता. सासूबाई आणि नवरा दोघंही हॉलमध्ये येऊन उभे होते. जे शब्द मी आयुष्यभर कुणाला दिले नव्हते, जे ऐकले की माझ्या कपाळावर आठी चढायची, ते आता मला बोलायचे होते. मी भिंतीला हात टेकला.

"होईल," मी मोठ्यांदा म्हणाले, मराठीत. "का नाही होणार? वळेल हा उजवीकडे."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

तो दारात उभा होता, मान किंचित कलती करून. "काय म्हणालं घर?"

"ते ऐकू येत नसतं," मी म्हणाले. "आपण फक्त बोलायचं."

"मग पुन्हा एकदा बोला," तो म्हणाला.

मी पुन्हा बोलले.